जिभेखालचं दावं

ए, मधी कुनी बोलायचं न्हाई हां. मला एका दमात सांगू द्या, न्हाईतर माझं अर्धं पोटातच राहतं.

आमच्या कल्याणदादाचं सांगते. तुमी त्याला बघितलाय की! मला कॉलेजला सोडायला येतो, गाडीवरनं उतरत बी न्हाई आन बोलत बी न्हाई. तुमीच म्हनायच्या ना, सृष्टे, तुझा भाऊ लई भाव खातो. भाव कुठला गं! त्याची जीभच बांधलेली हुती. खरंच बांधलेली, खालनं.

पन सुरुवात आण्णांपासनं. आण्णा म्हंजी आमचे वडील, मच्छिंद्र. वर्षभर झाडावर चढले, हिरीत उतरले, काई झालं न्हाई, आन ऐन ज्वारीच्या पेरनीत कडब्याच्या गंजीवरनं घसरले. पायाचं हाड मोडलं. मांडीपातुर प्लास्टर. आन बाहेर बघावं तर काय ऊन पडलेलं! परतीचा पाऊस थांबलेला, काळ्या रानाला असा वाफसा आलेला की ढेकूळ हातात घेतलं की लोन्यासारखं फुटायचं. सगळ्या शिवारात ट्रॅक्टर घुमत हुते. आमचं रान मातुर चारीच्या, पाटाच्या फाट्याच्या, पलीकडं. चारीवरचा पूल खचला तो खचलेलाच हाय. ट्रॅक्टर जात न्हाई. बैल जात्यात, मानसं जात्यात. म्हनून आमच्याकडं पेरायला अजून लाकडी पाभर आन अजून बैल. हरण्या आन बुलेट. हरण्या वयस्कर, समजूतदार. बुलेट आमच्याच गायीचा. त्याची आई व्यायली आन गेली, तवा दादानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. रात्री त्याच्यापाशीच झोपायचा.

आता आमच्या बैलांची एक तऱ्हा हाय. त्येंना कासरा चालत न्हाई. सगळं गाव कासरा वढून बैल वळवतं. आमचे आण्णा म्हनायचे, "दोरी कशाला? जीभ हाय की!" बांध जवळ आला की आण्णा जीभ टाळूला लावून एक लांब "टर्रर्रर्र" करायचे, की बैल आपोआप वळून नव्या तासाला, पेरनीच्या नव्या वळीला, लागायचे. लोकं बांधावर थांबून बघायची. आण्णांची छाती फुगायची. ह्या फुशारकीत बैलांना दुसरी भाषाच शिकवली न्हाई. कासरा वढला की बुलेट अशी मान झटकायचा की पाभर आडवी.

आन दादाला काई ती टर्र येईना. कशी येनार? त्याची जीभ खालच्या दाताच्या म्होरं जायची न्हाई, टाळू तर लांबच राह्यला. कुल्फी चाटता यायची न्हाई, दातानं तोडून खायचा आन कपाळ धरून बसायचा. र म्हनायला गेला की ल यायचा, भराभर बोलायला गेला की सगळंच एकात एक मिसळायचं. शाळेत पोरं "बोबड्या" म्हनायची. मंग त्यानं बोलनंच सोडलं. हूं आन अंहं, ह्या दोन शब्दांवर गडी सत्तावीस वर्षांचा झाला.

तर पेरनी. आण्णा म्हनले, "मला रानात न्या. मी बांधावरनं टर्र करतो, कल्यान पाभर धरंल."

वस्तीवरच्या चौघांनी आण्णांना बाजंसकट उचललं आन चारीतनं पलीकडं न्यायला लागले. आण्णा वरनं म्हनतेत, "उजवीकडं घ्या, खड्डा हाय." आई मागनं वरडतीय, "हळू धरा रं, जित्या मानसाला न्यायलाय तुमी!"

बाज बांधावर टेकवली. आईनं वटीत ज्वारी घेतली आन चाड्यावर मूठ धरली. चाडं म्हंजी पाभरीवरचा लाकडी वाटका गं, त्यातनं बी नळ्यातनं खाली जातं. दादानं पाभरीवर भार दिला आन निघाले. जाताना तास असा सरळ की दोरी धरून घातल्यासारखा. त्या टोकाला पोचले. हिकडनं आण्णांनी सगळा जीव एकवटून केली, "टर्रर्रर्रर्र!"

बैल वळले. पन कुठं वळले? आवाज जिकडनं आला तिकडं! तास सोडून, तिरपे, सगळं रान चिरत, थेट आण्णांच्या बाजंपाशी. हरण्यानं तर आण्णांच्या प्लास्टरवर तोंड टेकवलं.

"टर्र लई लांबनं झाली," आण्णा म्हनले. "बाज मधी घ्या."

मधी घेतली तर दोन्हीकडनं बैल मधी यायला लागले. मंग बाज ह्या टोकाला, मंग त्या टोकाला. बाज उचलनारे दमून बांधावर आडवे झाले. आईच्या कपाळावरनं घाम डोळ्यात गेलेला, मूठ बियानं भरलेली म्हनून पुसता येईना. दादाचा शर्ट पाठीला चिकटलेला. तो मधीच दात आवळून टर्र करून बघायचा. "थल्ल" असा थुकीचा आवाज यायचा, आन बुलेट मागं वळून त्याच्याकडं असा बघायचा, जसं काई इचारतोय, काय म्हनलास रं?

तेवढ्यात रस्त्यानं वैजनाथ आला. आमचा शेजारी, नव्या ट्रॅक्टरवाला. बुलेटगाडी थांबवली, गॉगल वर केला.

"कल्यान्या, ज्वारी पेरतो का रांगोळी काढतो रं?"

त्याच्या मागं बसलेला बी हसला. दादानं तोंड उघडलं. मला वाटलं, आज हा काईतरी बोलनार. ओठ हालले, मान लाल झाली, "तु... तुझ्या..." आन पुढं काई येईना. वैजनाथनं बी तोंड वाकडं करून तसंच केलं, "तु तुझ्या", आन गेला. दादानं खाली वाकून पाभरीच्या दात्याला लागलेली माती काढली. माती नव्हतीच लागलेली गं. मी बघत हुते.

ज्वारीचं रान कसंबसं झालं. पन नागमोडी पेरलेलं आता उगवून आल्यावर सगळा गाव रस्त्यावरनं बघनार, कापनीपातुर. आण्णा सांच्याला घरी बाजंवर पडल्या पडल्या म्हनले, "हिरीजवळची हरभऱ्याची पट्टी राह्यलीय. ती कल्याननं एकट्यानं बैलांवर नीट पेरली, तर बैल राहतील. न्हाईतर दिवाळी झाली की घोडेगावच्या बाजारात नेऊन इकायचे. माझा पाय काई लवकर सरळ व्हत न्हाई. जी बैलं कुनाचं ऐकत न्हाईत, ती दावनीला कशाला ठेवायची?"

दादा ताटावरनं उठला. न जेवता गोठ्यात गेला.

आई म्हनली, रुसला. पन सकाळी बघितलं तर गाल हा एवढा! दाढ सुजलेली. आईनं लवंग धर, हळद धर, सगळं केलं. शेवटी मी गाडी काढली, मधी दादा, मागं आई, आन शेवगावला दातांच्या डॉक्टरकडं.

यामिनी मॅडम म्हनून हायत, आपल्यापेक्षा थोड्याच मोठ्या. त्येंनी दाढ बघितली, आन मंग बघतच राह्यल्या.

"जीभ वर करा जरा."

दादानं केली. म्हंजी केली असं त्याला वाटलं.

"बाहेर काढा."

बाहेर काय, ओठापातुर आली आन मधनं खाली वढली गेली, टोकाला खाच पडून बदामासारखी दिसायला लागली. मॅडमनं आरसा दिला. बॅटरी लावून दाखवलं. जिभेच्या खालनं एक जाड पांढरी दोरी, पार टोकापातुर, खाली चिकटलेली.

"ही दोरी सगळ्यांनाच असते, पण पातळ आणि मागे असते. यांची जन्मापासून आखूड आणि पुढपर्यंत आहे. म्हणून जीभ फिरत नाही. दाढेत अडकलेलं अन्न जिभेनं काढता येत नाही, म्हणून दाढही किडली. इतक्या वर्षांत कुणी जिभेखाली बघितलंच नाही?"

कुनी बघनार गं? मानसं तोंडात घास किती जातो ते बघत्यात, जिभेखाली कोन बघतं!

आन अशात आई रडायला लागली. एकदम भडाभडा. मॅडम घाबरल्या.

"माझ्यामुळंच झालं हे," आई म्हनली. "मी गरवार असताना गिरान लागलं हुतं. सासू म्हनली हुती, काई कापू नको, काई बांधू नको. पन शेळी सुटली. कुनाच्या मेथीत शिरायला लागली. मी पळत गेले आन दाव्याची गाठ मारली. तीच गाठ पोराच्या जिभेला बसली. मी कुनाला बोलले न्हाई आजपातुर."

एवढी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन भाकऱ्या थापत हुती! मॅडम खुर्चीवरनं उठल्या, आईजवळ बसल्या.

"मावशी, ग्रहणाच्या दिवशी गाठ न मारलेल्या बायकांची मुलंही अशी असतात. माझ्याकडे येतात ना. शेळीचा आणि ह्याचा काही संबंध नाही."

"खरं सांगता?"

"शपथ. आणि ही दोरी मोकळी करता येते. ह्या वयातही. जागा बधिर करायची, लेझरनं सोडवायची, थोडक्या वेळाचं काम असतं. पण आधी दाढेची सूज उतरू दे."

आई दादाकडं बघायला लागली, मी दादाकडं. त्याला कात्रीची, सुईची लई भीती. लहानपनी कान टोचताना सोनाराला चावला हुता तो. आन हा पठ्ठ्या परक्या मानसापुढं कधी तोंड न उघडनारा, सरळ मॅडमला इचारतो:

"मला टल्ल कलता येईल का?"

मॅडमला काई कळंना. मंग मी सांगितलं, आण्णा, बैल, बांध, घोडेगावचा बाजार, सगळं. मॅडम हसल्या न्हाईत. नीट ऐकलं.

"जीभ टाळूला लागेल, हे मी सांगू शकते. टर्र येईल का, ते तुमच्या सरावावर. एवढ्या वर्षांची सवय आहे, बोलणं एका दिवसात बदलत नाही. मी खोटं सांगणार नाही."

"सोडवा," दादा म्हनला.

दाढेचं झालं, सूज गेली, आन दिवाळीच्या तोंडावर ते बी झालं. मी बाहेर बाकावर बसून पायाची नखं बघत हुते. आई आत, त्याचा हात धरून. केस जळल्यासारखा वास आला बारीक. मला वाटलं आता दादा वरडंल. काईच न्हाई. मी मेडिकलमधनं गोळ्या आनायला गेले आन परत आले तर दादा बाहेर उभा, ओठ बधिर, लाळ गळतीय, आन आरशासमोर जीभ काढून बघतोय. वरच्या ओठाला लागली गं! स्वतःची जीभ स्वतःच्या वरच्या ओठाला. आमी दिवसातनं शंभरदा करत असू, कळत बी न्हाई. तो मातुर थांबायलाच तयार न्हाई. आई म्हनली, "बास रं, झिजंल!"

इथपातुर झकास. आता ऐका आमच्या आईचं.

मॅडमनं सांगितलं हुतं, उद्यापासनं जीभ हालवायची. वर, बाहेर, डावीकडं, उजवीकडं. दुखंल, तरी हालवायची, न्हाईतर जखम भरताना परत चिकटंल. मी तवा गोळ्या आनायला गेल्ते. दादाचं डोकं बधिर. आन आईनं ऐकलं, पन ऐकून सोडून दिलं. कारन आईला वाटलं, आपलंच बरुबर. आमच्या बांधाला डाळिंबाची, आंब्याची कलमं आईनं बांधलेली हायत. तिच्या हाताचं एक कलम मेलं न्हाई. आन कलमाचा नियम काय? कापलं की बांधायचं आन हात लावायचा न्हाई!

"कलम बांधल्यावर कुनी हालवून बघतं का?" आई म्हनली. "डाक्टरीन पोरगी हाय, शिकलेली हाय, पन तिनं कधी झाड वाढवलंय का?"

झालं! आईनं आपलं जुनं मऊ लुगडं फाडलं, दादाच्या हनुवटीखालनं घेऊन डोक्यावर गाठ मारली. बोलायचं न्हाई, चावायचं न्हाई, हालायचं न्हाई. दूध, पेज, आन दुधात भिजवलेली करंजी. आन दादानं ऐकलं! कारन गप बसनं हे तर त्याचं जन्माचं काम. मला तर वाटलं, त्याला बरंच वाटलं असंल. जीभ सुटली म्हंजी आता बोलावं लागनार, ह्याची बी धास्ती असनारच की पोटात.

मला वाटलं, मॅडमनंच सांगितलं असंल बांधायला. मी काई इचारलं न्हाई.

वस्तीवर दादाला असा डोक्याला फडकं बांधून वट्यावर मुकाट बसलेला बघून लोकांनी भलतंच धरलं. बन्सीतात्या हायत ना आमच्या वस्तीवरचे, ते सकाळी देवळातनं येताना थांबले. दादाकडं बघितलं, चप्पल काढली, आन वाकून पाया पडले.

"तात्या, काय करताय!" मी म्हनले.

"मौन धरलंय ना? चांगलंय. दिवाळीत मौन लई फळतं. माझ्या गुडघ्याचं जरा देवाला सांग म्हनावं."

दादा डोळे मोठे करून हातानं न्हाई न्हाई करतोय, आन तात्यांना वाटतंय आशीर्वाद देतोय!

पाडव्याच्या दिवशी मॅडमचा फोन आला. "काय म्हणतायत कल्याण? व्यायाम चालू आहेत ना?"

"कसले व्यायाम?" मी म्हनले.

मंग मॅडमनं सगळं परत सांगितलं. मी फोन तसाच हातात धरून वट्यावर पळाले, दादाच्या डोक्यावरची गाठ सोडली. "जीभ वर कर." केली. वर गेली, पन अर्धीच. ओठापातुर जाईना. मधनं वढ लागायला लागली. दादाचं तोंड पांढरं पडलं. गोठ्याकडं बघितलं त्यानं. परवा घोडेगावच्या बाजाराला टेम्पो सांगून ठेवलेला.

आई दारात उभी. तिला कळलं. ती रडली न्हाई. ह्या येळी न्हाई रडली. आत गेली, चुलीवर गुळाचा पाक ठेवला, आन वाटीत घेऊन आली. बोटानं दादाच्या वरच्या ओठाला पाक लावला. नाकाखाली, मिशीला, गालाला.

"चाट," म्हनली.

"दुखतंय," दादा म्हनला.

"दुखू दे. चाट. कलमाचं मी बघते, जिभेचं डाक्टरीन बघंल. चाट!"

मॅडम फोनवर, मोठ्या आवाजात. "अजून वेळ गेलेली नाही. हळूहळू. टोक वरच्या दातांमागे लावा. आता पूर्ण जीभ टाळूला चिकटवा आणि सोडा. टक असा आवाज आला पाहिजे." दादाच्या डोळ्यातनं पानी यायचं आन जीभ पाकाकडं जायची. आण्णा बाजंवरनं वरडले, "एकट्याला लाज वाटतीय त्याला. सगळे करा!" मंग आमी सगळ्यांनी केलं. आण्णा, आई, दादा, मी, चौघं वट्यावर वळीनं. वर! बाहेर! डावीकडं! उजवीकडं!

आन बरुबर त्याच येळी वैजनाथ पाडव्याचा फराळ घेऊन फाटकातनं आत आला. हातात डबा. अंगात नवा कुर्ता. आन समोर आमचं सगळं खानदान त्याला जीभ काढून दाखवतंय!

तो जागच्या जागी थांबला. "पेरनीच्या दिवशी बोललो ते मनात धरलंय का काय तुमी? मी चेष्टा केली हुती गं, काकू! सनासुदीला असं करतेत का?"

आईनं जीभ आत न घेताच त्याला हातानं खुनावलं, ये, बस. आण्णा हसून हसून खोकायला लागले. मी सांगायला गेले तर मला बी हसू आवरंना. वैजनाथ डबा ठेवून चालला तसा दादानं त्याचा हात धरून खाली बसवला, बोटानं वाटीतला पाक घेतला, आन त्याच्या वरच्या ओठाला लावला. वैजनाथनं मुकाट चाटला. आन म्हनला काय, "गूळ चांगलाय."

आण्णांनी टेम्पोवाल्याला फोन लावला. म्हनले, "ह्या बाजाराला नको, पुढच्याला बघू." तेवढंच दिलं त्येंनी. एक बाजार.

मंग काय सांगू, घरात दुसरं कामच न्हाई. दादा वैरन टाकताना टक. धार काढताना टक. अंघोळीला टक टक टक. आई भाकरी थापता थापता म्हनायची, "ऐकू येत न्हाई मला!" की आतनं टक. आण्णांनी शिकवनी घेतली. "जीभ ताठ ठेवू नको, सैल सोड, वारा जीभंवरनं जाऊ दे." दादा वारा सोडायचा, थुकी आण्णांच्या प्लास्टरवर. पहिल्यांदा नुसतंच फुस्स. मंग टड. मंग एक दिवस गोठ्यातनं आवाज आला, ट्र... तुटका, अर्धा, जुन्या मोटारीचं इंजन सुरू व्हता व्हता बंद पडल्यावानी. आन मी बघितलं, बुलेटचे कान उभे! रवंथ थांबवला त्यानं. हा नवा कोन बोलला, म्हनून.

बाजाराच्या आदल्या दिवशी हरभरा पेरायला धरला. पट्टीला पानी देऊन वाफसा आनलेला. आण्णांची बाज बांधावर, पन आईनं त्येंच्याकडनं शब्द घेतला हुता. "तुमच्या तोंडातनं टर्र निघाली तर मी चाड्यावरची मूठ सोडीन." आण्णांनी मान हालवली. आई चाड्यावर, मी बियाच्या टोपलीपाशी. दादानं जू ठेवलं, बुलेटच्या मानंवर हात फिरवला, आन पाभरीवर भार दिला.

पहिलं टोक. दादानं तोंड उघडलं. फुस्स. कोरडं पडलं हुतं तोंड. बैल सरळ चालत राह्यले, बांध चढले, आन शेजारच्या कांद्याच्या रोपात पाय ठेवला. कांदा वैजनाथचा. आन वैजनाथ तिथंच कांद्याला पानी द्यायला दारं धरीत हुता.

आण्णांनी बाजंची कड मुठीत धरलेली, पन तोंड उघडलं न्हाई. आई चाड्यावर मूठ धरून तशीच, डोळे मिटून. वैजनाथनं कांद्याकडं बघितलं, दादाकडं बघितलं. आन काय केलं? फावडं ठेवलं, आपला पान्याचा तांब्या आनून दादाला दिला.

"घोट घे. परत कर. कांद्याचं राहू दे."

दादानं पानी प्यालं. जीभ वरच्या ओठावरनं फिरवली, या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापातुर. बैल मागं घेतले. आन...

"ट्रर्रर्र!"

आण्णांसारखी न्हाई गं. आण्णांची लांब, पानी वाहिल्यासारखी. ह्याची खडबडीत, मधी मधी ठेच लागलेली. हरण्या तर तसाच उभा. पन बुलेट वळला. बुलेट वळला म्हनून जू वळलं, जू वळलं म्हनून हरण्याला वळावं लागलं, आन पाभर नव्या तासाला लागली. सरळ! मी टोपली टाकून उड्या मारायला लागले, तर आई वरडली, "बी सांडतंय, भवाने!"

दुसरं टोक. ट्रर्रर्र. वळले. तिसरं. वळले. मंग दादाला काय झालं देव जानं, तो बोलायलाच लागला. टोकाची वाट बी बघंना. "चल ले बुलेट, चल लाजा, हलण्या, कलतो काय, झोपलास काय!" सगळे र ल व्हत हुते, एखादाच र मधी नीट यायचा, त्याला काई फरक पडत न्हवता. सत्तावीस वर्षांचं साठलेलं सगळं बैलांवर मोकळं. आई चाड्यावर मूठ धरून त्याच्यासंगं चाललेली, पदर पडलेला, आन हसतीय, रडतीय, बी बरुबर सोडतीय.

आन बांधावर आण्णा. आता त्येंचा जीव तो, बैल त्येंचे, रान त्येंचं, पोरगं त्येंचं. एवढं सगळं बघून त्येंना कसं आवरनार? पट्टी संपत आलेली, दादा त्या टोकाला, आन आण्णांच्या तोंडातनं आनंदानं सुटली:

"टर्रर्रर्रर्रर्र!"

बैल मधीच थांबले. हरण्यानं मान हिकडं केली, बुलेटनं तिकडं. आईची मूठ चाड्यावरच थांबली. दादा पाभर सोडून कमरेवर हात ठेवून उभा राह्यला, आन सगळ्या शिवारात ऐकू जाईल असा वरडला:

"आण्णा! गप बसा की! बैल माझं ऐकत्यात, तुमी कशाला मधी तोंड घालता?"

ए पोरींनो, आमच्या घरात आण्णांना कुनी उलट बोललं न्हाई कधी. आजी सुद्धा न्हाई. वैजनाथनं फावडं खाली ठेवलं. मी कान दाबले. आण्णा दादाकडं बघत राह्यले. मंग खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली, आन स्वतःच्या तोंडात कोंबला. वरनं डोळे इतके हसत हुते की बास.

आन आई? चाडं सोडलं न्हाई हां तिनं, तेवढं इसरली न्हाई. तिथनंच वैजनाथला हाळी दिली, "वैजनाथ, पळ, घरात गुळाची ढेप हाय, फोडून आन. सगळ्या बांधावर वाट. माझं पोरगं आज बापाला उलट बोललं!"